आईला घेऊन स्पितीत होमस्टे करत गावोगाव चालत जाणं एजंटशिवाय जमेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आईचं वय ५८, दोघींनी मिळून राजगड, हरिश्चंद्रगड केलेत, सप्टेंबरात हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातल्या गावांमध्ये घरोघर मुक्काम करत चालायचं आहे. एजंट माणशी २८ हजार मागतोय. त्याच्याशिवाय जमेल का, आणि जेवण, संडास, दोन बायकांनी फिरणं याचं काय?

जमेल. मी आणि माझी मैत्रीण २०२२ च्या सप्टेंबरात लांग्झा, कोमिक, डेमुल, ल्हालुंग, धनकर अशा गेलो होतो. दोघी पन्नाशीला टेकलेल्या, दोघी गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या. एजंट नव्हता. एका दिवसापुरता वाटाड्या मात्र घेतला होता आणि तो तुम्हीही घ्याच, कारण पुढे येईल.

आधी उंचीचं बोलू, कारण सह्याद्रीतला दम इथे फारसा उपयोगी पडत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी स्पितीतलं मुख्य गाव काझा येत नाही; ते साधारण ३,७०० मीटरवर आहे. लांग्झा ४,४०० च्या आसपास, कोमिक ४,५८७. तुमच्या एजंटने कार्यक्रमात मनालीहून एका दिवसात काझा आणि दुसऱ्याच दिवशी लांग्झा असं लिहिलं असेल, तर तो कागद बाजूला ठेवा. अटल बोगद्यामुळे मनालीकडून जाणं सोपं झालंय, पण मनाली दोन हजार मीटरवर, आणि मधली कुंझुमची खिंड साडेचार हजारांची. शरीराला कळायच्या आत तुम्ही वर पोचता. तीन हजार मीटरच्या वर गेलं की रोजच्या झोपायच्या जागेची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. त्यामुळे सिमल्याकडून जा. रामपूर, कल्पा, नाको, ताबो आणि मग काझा. बसने पाठ दुखते, पण नाकोला ३,६६० मीटरवर एक रात्र झोपून पुन्हा ताबोला ३,२८० वर उतरायला मिळतं, आणि ताबोचा ९९६ सालचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, तोही निवांत बघून होतो. काझाला दोन रात्री राहा, तीन राहिलात तर उत्तम. भारतीयांना या रस्त्याला परमिट लागत नाही.

एवढं करूनही माझ्या मैत्रिणीचं लांग्झाच्या पहिल्या रात्री डोकं ठणकायला लागलं. जेवण नको, झोप नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. ती पांघरुणात, मी अंगणात, आणि घरातली बाई दर तासाला गरम पाणी आणून देत होती. संध्याकाळी तिने स्वतःहून थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, मागितला तेव्हा मी सुटले. म्हणून सांगते, कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेवा. डोकेदुखी वाढत गेली, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वाट न बघता जीप बोलवून खाली काझाला जायचं. तिथे रुग्णालय आहे. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा, आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही तेही त्यांनाच विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते सांगायला विसरू नका.

लांग्झाला मुलं खिशातून गोल वळ्यांचे दगड काढून दाखवतात. ते अमोनाइट, हिमालय उठायच्या आधी इथे असलेल्या टेथिस समुद्रातल्या प्राण्यांचे जीवाश्म. आपल्या देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्राम तो हाच. विकत घेऊ नका. हातात घ्या, बघा आणि परत द्या.

लांग्झा ते कोमिक चालायला सोपं, वाटेत हिक्किमचं पोस्ट ऑफिस लागतं. ते जगातल्या सगळ्यात उंचावरच्या पोस्टांपैकी एक म्हणून सगळे तिथून पत्रं टाकतात. आम्हीही टाकली. या टप्प्यात गाड्या फार येतात, धूळ खात चालावं लागतं. आई दमलेली असेल तर सरळ गाडीने जा, काही बिघडत नाही.

खरा दिवस कोमिक ते डेमुल. सांगणारे सहा-सात तास सांगतात, आम्हाला साडेआठ लागले. मध्ये गाव नाही, दुकान नाही, झाड तर नाहीच. साधारण ४,७०० मीटरची खिंड ओलांडायची, आणि सगळ्या उतारांवर याक-मेंढरांच्या इतक्या पायवाटा की कुठली माणसाची आणि कुठली जनावराची हे आपल्याला कळत नाही. ढग आले तर संपलंच. वाटाड्या घ्या म्हटलं ते यासाठी. कोमिकच्या घरीच विचारलं की कोणीतरी मिळतो. सामानासाठी गाढवही मिळतं. आमचा वाटाड्या विशीतला मुलगा होता, चंदीगडला कॉलेजात शिकणारा, सुट्टीला आलेला. समोरच्या कड्यावर भरल, म्हणजे डोंगरातली रानमेंढरं, चरत होते ते त्याला अर्ध्या मिनिटात दिसले. त्याने दगड, त्याच्या डावीकडे सावली, सावलीच्या वर असं बोटाने दाखवत नेलं तेव्हा मला दिसले, पाच की सहा.

आता डेमुल. होमस्टे म्हणजे काय ते मला तिथे कळलं, आणि तेही माझी थोडी फजिती होऊन.

ओळखीच्यांनी एका घराचा नंबर दिला होता, ‘फार छान लोक, तिथेच राहा’ म्हणून. काझाहून मी फोन करून ठरवलं. मग मैत्रिणीच्या डोकेदुखीत एक दिवस गेला, फोन लागेना, आणि आम्ही ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा, संध्याकाळी, अक्षरशः पाय ओढत, गावात शिरलो. त्या घराची चौकशी केली तर एक गृहस्थ आले आणि म्हणाले, ‘उनकी बारी कल थी।’ आज दुसऱ्या घराची पाळी. मी पुणेरी स्वभावाला जागून वाद घातला. आमचं ठरलंय, मी स्वतः बोललेय, ते वाट बघत असतील. ते ऐकून घेत राहिले. तेवढ्यात ज्या घराचं ठरलं होतं ती बाईच बाहेर आली, आम्हाला आत नेऊन चहा पाजला, आणि मग माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर टाकून आम्हाला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या घरात पोचवून आली. तिला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. लाज मला वाटली.

डेमुलमध्ये पाहुणे घरांना आळीपाळीने जातात. असं केलं नाही तर काय होतं ते आपल्या कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर बघा: रस्त्याजवळ ज्याचं घर, ज्याने आधी टाइल्स बसवल्या, त्याच्याकडे रांग, आणि मागच्या आळीतल्याकडे कोणी फिरकत नाही. या गावाने ते होऊ दिलं नाही. त्यामुळे तिथे इंटरनेटवर घर निवडून जाऊ नका, गावात जाऊन पाळी कुणाची ते विचारा. नवीन बाथरूमवालं घर मिळेल किंवा नाही मिळणार.

आम्हाला मिळालं ते जुनं घर. मातीच्या जाड भिंती, खाली गोठा, सपाट छपराच्या कडेने चारा रचलेला. घरात कोणीच नव्हतं, सगळे शेतावर. उन्हाळा चारच महिने, त्यात मटार, जव आणि हिवाळ्याचा चारा सगळं उरकायचं. आपण जातो तो त्यांचा ऐन घाईचा काळ. एजंटच्या पत्रकात ‘सात वाजता जेवण’ असतं, इथे सात वाजता घरची माणसं शेतातून येत होती. चाऱ्याच्या पेंढ्या छपरावर चढवायच्या होत्या. नुसतं बघत बसायला बरं वाटेना म्हणून मी खालून एकेक वर द्यायला लागले. दहाव्या पेंढीला मला धाप लागली. घरातल्या अमा, सत्तरीच्या तरी असतील, शिडीवरून खालीवर करत होत्या आणि माझ्याकडे बघून हसत होत्या. जेवण साडेनऊला झालं. तोपर्यंत आमच्याकडच्या राजगिऱ्याच्या वड्या सगळ्यांनी मिळून संपवल्या. तुम्हीही असं काही जवळ ठेवा.

जेवणाची काळजी करू नका. डाळ, भात, बटाटा-कोबी, ताजा मटार, थुक्पा, आणि तिमोक म्हणून वाफवलेला पाव. शाकाहारी असाल तर आल्या आल्या सांगा. जवाच्या भाजलेल्या पिठाला त्साम्पा म्हणतात. ते आपल्या सातूच्या पिठाचंच भावंड आहे, आईला नक्की आवडेल. लोण्या-मिठाचा चहा मात्र चहा समजून प्याल तर फसाल, सूप समजून प्या. आणि एक घोट घेतला की लगेच कप पुन्हा भरतात. नको असेल तर कप भरलेलाच राहू द्या आणि निघताना रिकामा करा.

संडास. बऱ्याच घरांत कोरडा असतो. वरच्या मजल्यावर मातीच्या जमिनीला एक भोक, कोपऱ्यात माती-राखेचा ढीग आणि फावडं. काम झालं की वरून माती लोटायची, झालं. खाली जे साठतं ते वसंतात शेतात खत म्हणून जातं. म्हणून त्यात पाणी ओतायचं नसतं. माझ्या मैत्रिणीने सवयीने तांब्याभर पाणी ओतलं, आणि सकाळी घरच्या सुनेने काही न बोलता आणखी चार फावडी माती टाकली. वास अजिबात येत नाही, हे मी शपथेवर सांगते. मात्र रात्री टॉर्च घेऊनच जा. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, प्लास्टिक सगळं पिशवीत घालून काझापर्यंत परत आणायचं. आंघोळ विसरा. शेण्यांवर आणि विकत आणलेल्या लाकडावर तापवलेलं बादलीभर पाणी अंगावर ओतायला माझा तरी हात धजावला नाही.

डेमुल ते ल्हालुंग उतार आहे, आणि आईच्या गुडघ्यांची परीक्षा होईल ती इथे. चढाला नाही. दोन काठ्या हव्यातच. ते नको वाटलं तर डेमुलपर्यंत रस्ता आहे, गाडी बोलवून खालून ल्हालुंगला या. ल्हालुंगच्या सेरखांग या जुन्या देवळाचं कुलूप उघडून घ्यायला विसरू नका. बाहेरून मातीची साधी खोली, आणि आत टॉर्च मारला की भिंती भरून मातीच्या सोनेरी मूर्ती. आम्ही दहा मिनिटांसाठी आत गेलो आणि तासाने बाहेर आलो. तिथून धनकर पाच तास. जुनी राजधानी, गोम्पा अगदी सुळक्यावर, खाली पिन आणि स्पिती नद्यांचा संगम. फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

खर्चाचं म्हणाल तर आम्ही माणशी रोज हजार-बाराशे दिले, जेवणासकट. वाटाड्याचे दीड हजार. काझापासून पुढचे आठ मुक्काम धरून माणशी दहा हजारांच्या आसपास झाले. आता वाढलं असेल. रोख रक्कम रामपूर किंवा रेकाँग पिओलाच काढून घ्या, काझाच्या एटीएमवर भिस्त ठेवू नका. घासाघीस करू नका एवढं मी हक्काने सांगते.

दोन बायका म्हणून कुठेही भीती वाटली नाही. काझात रात्री भटक्या कुत्र्यांची वाटली, म्हणून अंधार पडल्यावर काठी हातात. हिंदी सगळीकडे चालते, ‘जुले’ म्हटलं की सुरुवात होते.

हे सगळं वाचून आई बिचकली, तर लडाखमधलं शाम खोरं बघा: लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम. तीन दिवस, खिंडी चार हजारांच्या खाली, प्रत्येक मुक्कामी घरं. लेहला विमानाने उतरलात तर मात्र आधी तीन दिवस नुसतं पडून राहा, बाजारातसुद्धा भटकू नका.

परतीचं तुम्ही विचारलं नाही, पण आमची इथेच गडबड झाली होती. धनकरहून खाली शिचलिंगला उतरलं की हमरस्ता लागतो, काझाकडे आणि ताबोकडे जाणाऱ्या बस तिथे हात दाखवला की थांबतात. बस किती वाजता येते ते धनकरच्या घरीच विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं. दोन तास रस्त्याच्या कडेला सॅकवर बसून होतो, मग मटाराच्या पोत्यांनी भरलेली एक पिकअप आली आणि ड्रायव्हरने आम्हाला पुढे बसवून काझापर्यंत सोडलं.