आधी बॅटरी, मग रिमोट

गड्या, हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी संचाच्या) पाच वॅटच्या किटला स्वस्त अ‍ॅडॅप्टर लावू नको. त्याच्या खरखरीत 7 मेगाहर्ट्झवरचे दुबळे सिग्नल बुडतात. 12.8 व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी घे, फ्यूज तिच्या टर्मिनलजवळच टाक. ट्रान्समिटला सेट साधारण एक अँपिअर ओढतो, 2 अँपिअरचा फ्यूज पुरतो. (उलटी वायर जोडून मी एक किट जाळलंय. हसू नको.) आपल्या लातूरकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडाची भट्टी होते, बॅटरी तिथं नको.

शेतातला सेट घरून नेटवर चालवायचाय? मग आधी ठरावीक वेळेनं ट्रान्समिट आपोआप बंद करणारा टायमर बसव, तोही सेटच्या बाजूला. मोबाईलमधला काय कामाचा? नेट तुटलं आणि ट्रान्समिटची की (कळ) दाबलेलीच राहिली, तर फायनल ट्रान्झिस्टर, म्हणजे अँटेनाला पॉवर देणारा शेवटचा ट्रान्झिस्टर, भाजतो.