डिस्क ब्रेकचा कर्कश आवाज

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो आणि दर रविवारी यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेला माउंटन बाइकने जातो. सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत. पावसात चिखलाने माखलेली सायकल गेल्या महिन्यात घरीच धुतली आणि साखळीला स्प्रेने वंगण मारले. तेव्हापासून मागचा ब्रेक दाबला की कर्कश आवाज येतो आणि उतारावर तो पूर्वीसारखा धरतही नाही. दुकानात पॅड सँडपेपरवर घासून दिले. दोन दिवस आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. डिस्कवर तेलाचे दोन थेंब सोडावेत, असे एक मित्र सुचवतो. काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, डिस्कवर तेल मुळीच सोडू नका. त्याने आवाज कदाचित थांबेल, पण ब्रेकही जाईल. दुरुस्ती होईपर्यंत घाटही टाळावा, कारण तुमच्या पत्रातील खरी चिंतेची बाब आवाज नसून ब्रेक नीट धरत नाही ही आहे.

पॅड (ब्रेक दाबताच डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे तुकडे) आणि डिस्क यांच्यातील घर्षण एकसारखे नसले की पॅड क्षणभर पकडतो, क्षणभर निसटतो, आणि सेकंदाला शेकडो वेळा असे घडल्यामुळे पातळ डिस्क झांजेसारखी कंप पावू लागते. आपल्याला ऐकू येते ती ही थरथर. निव्वळ पाण्यामुळे आलेला आवाज चार-सहा वेळा ब्रेक दाबताच विरतो. तुमचा आवाज महिनाभर टिकला, पॅड घासल्यावर थांबला आणि परतला, यावरून साखळीवर मारलेल्या स्प्रेचे तुषार मागच्या डिस्कवर पोहोचले आणि तेथून तेल पॅडमध्ये मुरले, असे मानायला जागा आहे. पॅडचे साहित्य सच्छिद्र असते. सँडपेपरने वरचा थर निघतो, पण आत शिरलेले तेल ब्रेक तापला की पुन्हा पृष्ठभागावर येते. दुकानातील उपाय दोनच दिवस टिकला तो यामुळे.

म्हणून पॅड नवे घ्यावेत. जुने पॅड गॅसच्या ज्योतीवर भाजून तेल काढण्याची युक्ती अनेकजण सांगतात, परंतु उष्णतेने पॅडमधील राळ खराब होऊ शकते, निघणारा धूर अपायकारक असतो आणि शेवटी भरवसा राहतो तो अर्धवटच. घाट उतरणाऱ्याने हा धोका पत्करू नये. नवे पॅड घेताना डिस्कवर कोरलेली अक्षरे वाचावीत. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या काही स्वस्त डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ (फक्त राळेचे पॅड) असे लिहिलेले असते, आणि त्यांवर धातूचे पॅड वापरल्यास डिस्क लवकर झिजते. धातूचे पॅड चिखलात अधिक टिकतात हे खरे, पण ओले झाले की तेच जास्त ओरडतात.

नवे पॅड बसवण्यापूर्वी जुने पॅड जागेवर असतानाच दोन्ही पिस्टन (पॅडना डिस्कवर ढकलणारे दट्टे) प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने, म्हणजे टायर काढायच्या पट्टीने, हळूच मागे सारावेत, नाहीतर नव्या, जाड पॅडमध्ये डिस्क मावणार नाही. चाक काढलेले असताना ब्रेकची लिव्हर दाबू नये. पॅड काढल्यावर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरून ठेवणाऱ्या भागाच्या, आत नीट पाहावे. पिस्टनभोवती ओल दिसत असेल तर सील गळत आहे, आणि मग दोष तुमच्या स्प्रेचा नसून ब्रेक ऑइलचा आहे. सील किंवा कॅलिपर बदलल्याशिवाय नवे पॅडही काही दिवसांत असेच भिजतील. ही तपासणी घाईत राहून जाते आणि पॅडचे पैसे दोनदा खर्च होतात.

डिस्क पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड घ्यावे, साखळी पुसायचे फडके नव्हे. रॉकेल चालणार नाही, कारण ते स्वतःच तेलकट थर मागे ठेवते. हात धुण्याचे सॅनिटायझरही टाळावे, त्यात बहुधा ग्लिसरीन असते. त्यानंतर डिस्कला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये.

चाक बसवल्यावर डिस्कचे बोल्ट घट्ट आहेत ना, ते पाहावे. सहा बोल्टची डिस्क असेल तर बहुधा टी-२५ पाना लागतो. मग कॅलिपरचे दोन्ही बोल्ट थोडे सैल करावेत, ब्रेकची लिव्हर दाबून धरावी आणि तशाच स्थितीत ते आळीपाळीने आवळावेत. शिमानो येथे ६ ते ८ न्यूटन-मीटर इतका जोर सांगते. मागे पांढरा कागद धरून पाहिल्यास डिस्कच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे.

यानंतरचे काम बहुतेकजण टाळतात, आणि नवे पॅडही ओरडू लागतात ते त्यामुळेच. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी २० ते २५ किलोमीटर वेग घ्यावा, चाक न अडकवता एकसारख्या दाबाने चालण्याच्या वेगापर्यंत यावे आणि असे किमान वीस वेळा करावे. पॅडचा पातळ, समान थर डिस्कवर चढतो आणि ब्रेकची पकड वाढत गेलेली तुम्हाला जाणवेल. पुढच्या वेळी साखळीला वंगण थेंबाथेंबाने द्यावे आणि वरचे पुसून काढावे.

प्रश्न : माझ्या सायकलला वायरचे डिस्क ब्रेक आहेत. ब्रेक न दाबताही सतत घासल्याचा आवाज येतो. पॅड बदलावेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी चाक उचलून फिरवून पाहा. आवाज प्रत्येक फेरीत एकाच जागी येत असेल तर डिस्क वाकलेली आहे आणि ती मेकॅनिककडून सरळ करून घ्यावी. सतत येत असेल, तर बहुतेक वायरच्या ब्रेकमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो आणि आतला स्थिर असतो, हे लक्षात घेऊन आतल्या पॅडचा स्क्रू थोडासा मागे घ्यावा. पॅडचे साहित्य ०.५ मिलिमीटरपर्यंत झिजले असेल, तरच ते बदलावेत. मात्र धातूवर धातू घासल्याचा खरखरीत आवाज येत असेल तर त्याच दिवशी सायकल थांबवावी.