युफोनियम की बॅरिटोन : नावापेक्षा नळी पाहावी

आपल्या मुलीला अमेरिकेतील शाळेच्या बँडमध्ये ‘बॅरिटोन’ हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य दिले आहे. ते आणि तसेच दिसणारे युफोनियम एकच का, आणि स्वतःचे वाद्य घ्यायचे तर कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे. युफोनियमचा सूर खालचा आणि बॅरिटोनचा वरचा, असा समज सर्रास आढळतो, पण तो बरोबर नाही. दोन्ही वाद्ये बी फ्लॅट या मूळ सुराची आहेत, दोहोंच्या नळीची लांबी सुमारे ९ फूट असते आणि बोटेही तीच पडतात.

खरा फरक नळी कशी रुंदावत जाते यात आहे. युफोनियमची नळी मुळातच जाड, व्हॉल्व्हपाशी (बोटाने दाबून नळीची लांबी वाढवणाऱ्या खटक्यापाशी) साधारण १५ मिलिमीटर व्यासाची असते आणि पुढे भरभर रुंदावत मोठ्या कर्ण्यात उघडते, म्हणून तिचा नाद भरदार, गोल आणि काहीसा गडद येतो. ब्रिटिश ब्रास बँडमधील बॅरिटोनची नळी बरीच अरुंद असते, तिचा बराच भाग सारख्याच व्यासाचा राहतो आणि कर्णाही लहान असतो. त्यामुळे त्याचा आवाज उजळ, ट्रॉम्बोनच्या जवळ जाणारा वाटतो. त्या बँडमध्ये दोन्ही वाद्ये प्रत्येकी दोन असतात आणि एकाची जागा दुसऱ्याने भरून निघत नाही, हे तिथले वादन नीट ऐकले की लगेच पटते.

अमेरिकेत मात्र तीन व्हॉल्व्हच्या, पुष्कळदा पुढे वळलेल्या कर्ण्याच्या वाद्याला बॅरिटोन म्हणतात. त्याची नळी ब्रिटिश बॅरिटोनपेक्षा जाड असते आणि ते युफोनियमचेच काम करते. स्वरलिपीवर ‘बॅरिटोन टी. सी.’ असे छापलेले असेल, तर ती ट्रम्पेटसारखी वाचायची ट्रेबल क्लेफमधील (टी. सी., म्हणजे वरच्या सुरांसाठीच्या स्वरचिन्हातील) प्रत असते, ती युफोनियमवरच वाजवावी. शाळेच्या बँडसाठी ब्रिटिश पद्धतीचे बॅरिटोन घेण्याचे कारण मला दिसत नाही. इंग्लिश संगीतकार होल्स्टच्या १९११ मधील ‘सेकंड सूट इन एफ’च्या पहिल्याच भागात युफोनियमला एकट्याने वाजवायची सुंदर धून आहे, अशा जागी अरुंद नळीचा आवाज पुरेसा भरत नाही.

म्हणून युफोनियम घ्या, आणि शक्यतो चार व्हॉल्व्हचे घ्या. पहिला व तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबला की नळीची लांबी किंचित कमी पडते आणि सूर चढतो. चौथा व्हॉल्व्ह त्या जागी वापरला की ही अडचण बरीच सुटते. अगदी खालच्या सुरांसाठी डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये काढलेली कॉम्पेन्सेटिंग (सुराची चूक भरून काढणारी) रचना उत्तम आहे, कारण तिच्यात हवा व्हॉल्व्हमधून पुन्हा फिरून जादा नळीतून जाते. मात्र ती महाग आणि जड असते, शाळेच्या पहिल्या वर्षांत तिची गरज नसते. सौदा करण्यापूर्वी माउथपीसच्या (ओठांना लावायच्या भागाच्या) दांड्याचे माप विचारून घ्यावे, कारण लहान दांड्याचा माउथपीस मोठ्या मापाच्या वाद्यात नीट बसत नाही.