आबांनी हयातीतच जमीन मुलांच्या नावे करावी का? रावेरच्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आबा 78 वर्षांचे, आई 72 ची. रावेर तालुक्यात सात एकर केळीची बागायत, त्यात एक विहीर, आणि गावात घर. शेती तुम्ही करता, थोरले भाऊ पुण्याला नोकरीत, बहीण बऱ्हाणपूरला दिलेली. आबांना अलीकडे विसर पडू लागलाय, म्हणून थोरल्यांचं म्हणणं की आत्ताच दोघा भावांच्या नावे बक्षीसपत्र करून टाकू, 200 रुपयांच्या मुद्रांकात होतं. आणि बहीण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आली की हक्कसोडीवर तिची सही घेऊ.

माझं मत स्पष्ट आहे. बक्षीसपत्र करू नका, मृत्युपत्र करा, आणि तेही आता लांबवू नका. मी महसूल खात्यात मंडळ अधिकारी होतो, नोकरीचा मोठा काळ यावल-चोपडा पट्ट्यात फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी, मंजूर करण्यात गेला. म्हाताऱ्या माणसांचे हात रिकामे झाल्यावर घरात काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

पण त्याआधी एक काम करा. सातबाऱ्यावर आबांचं एकट्याचं नाव आहे, एवढ्यावरून जमीन त्यांच्या एकट्याची ठरत नाही. सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफारांचे क्रमांक असतात. ते धरून मागे जा. जुने फेरफार ‘आपले अभिलेख’वर शोधा, तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या. फेरफाराचा मजकूर दोन-चार ओळींचाच असतो, पण जमीन आली कशी हे तिथेच कळतं. खरेदीखताने आली असेल आणि पैसा आबांचा स्वतःचा असेल, तर ती स्वकष्टार्जित. आजोबांच्या स्वतःच्या मालकीची होती आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर ते वारल्यावर वारसाने आली, तरीही ती आबांची स्वतंत्र मिळकत समजली जाते. मात्र फेरफारात ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) किंवा जुन्या घरगुती वाटपाचा उल्लेख निघाला, तर वडिलोपार्जित असण्याची शक्यता मोठी. मग सगळा हिशेब बदलतो.

वडिलोपार्जित असेल तर त्यात तुम्हा तिघा भावंडांचा जन्मतः हिस्सा आहे. हो, तिघांचा. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही मुलाइतकीच सहदायाद (जन्मतः हिस्सेदार) आहे, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगून टाकलं की 2005 च्या त्या तारखेला वडील हयात असण्याचीही अट नाही. शिवाय वाटणी झाली तर आपल्याकडे आईलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. हे बहुतेकांच्या गावीही नसतं. म्हणजे आबा, आई आणि तुम्ही तिघं, असे पाच हिस्से. अशा एकत्र मिळकतीतला स्वतःचा अविभक्त हिस्साही आबांना बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, सगळे सात एकर तर दूरच. असं बक्षीसपत्र उद्या कोर्टात टिकणार नाही. मृत्युपत्राने मात्र ते आपला हिस्सा देऊ शकतात, वारसा कायद्याच्या कलम 30 ने तशी मुभा आहे.

समजा जमीन पूर्णपणे आबांची निघाली. तरीही माझा बक्षीसपत्राला विरोध का? 200 रुपयांचं ऐकून लोक भुलतात. मुलगा, मुलगी, पत्नी, नातवंडं यांना शेती किंवा राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक 200 रुपये हे खरं आहे, स्थानिक संस्थांचा अधिभार वेगळा लागतो. पण बक्षीसपत्र नोंदलं की मालकी त्याच दिवशी जाते, आणि मन बदललं म्हणून ते एकट्याने रद्द करता येत नाही. मृत्युपत्र आबा हयातीत कितीही वेळा बदलू शकतात, आणि तोवर सातबारा त्यांचाच राहतो. केळीचा पैसा कोणाच्या खात्यात जातो, यावरून घरात म्हाताऱ्याला चहा कोण विचारतो ते ठरतं, असं लिहिताना वाईट वाटतं. पण घडतं ते असंच.

चोपडा तालुक्यातल्या एका मावशींचं प्रकरण माझ्या समोरचं आहे. नवऱ्यामागे त्यांनी घर आणि चार एकर धाकट्याला बक्षीस दिलं. वर्षभरातच त्यांची खाट ओसरीवर आली, मग गोठ्याशेजारच्या खोलीत. मी दस्त मागवून वाचला. त्यात छापील वाक्य होतं: ‘प्रेमापोटी व आपुलकीने बक्षीस देत आहे.’ सांभाळण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं.

कारण असं. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा चरितार्थ व कल्याण कायदा आहे. त्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं नातं पुरत नाही. जानेवारी 2025 च्या दुसऱ्या निकालात, अट आणि वचन दोन्ही कागदावर होते तिथे, त्याच न्यायालयाने आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावा असंही सांगितलं. म्हणून कोणी ऐकतच नसेल आणि बक्षीसपत्र करावंच लागलं, तर त्यात असं स्वच्छ लिहून घ्या: ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार व त्यांच्या पत्नी यांना हयातभर सदर घरात राहू द्यावे, त्यांचे अन्न, वस्त्र, औषधोपचार व सेवाशुश्रूषा करावी, या अटीवर हे बक्षीस दिले असून अट मोडल्यास ते रद्द होण्यास पात्र राहील.’ एवढी ओळ मावशींच्या कागदात हवी होती.

हे न्यायाधिकरण म्हणजे प्रांताधिकारी. रावेर-यावलसाठी फैजपूरला अर्ज द्यायचा. साध्या कागदावर चालतो. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर करण्याचा अधिकार त्यांना आहे, निकालाविरुद्ध अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत. कोणाचे आई-वडील आजच अडचणीत असतील तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन लिहून ठेवा.

आता मृत्युपत्र. आबांना विसर पडतोय म्हणता, म्हणून पहिलं पाऊल डॉक्टर. विसराळूपणा म्हणजे बुद्धी गेली असं नाही. सही करताना आपली मिळकत कोणती, आपली माणसं कोण आणि कोणाला काय देतोय हे त्यांना उमगत असेल, तर मृत्युपत्र चालतं. पण हे उद्या सिद्ध करावं लागेल, म्हणून त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. दोन साक्षीदार लागतात, आबांची सही त्यांनी पाहिलेली असावी आणि आबांसमोर त्यांनी सह्या कराव्यात. साक्षीदार आबांच्या वयाचे घेऊ नका. कोर्टात उभं राहायची वेळ येईल तेव्हा तेच हयात नसतात. गावात राहणारा, चाळिशीतला, जमिनीत काही न मिळणारा माणूस बघा.

नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांकही लागत नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच. तिथे निबंधक विचारतात, ‘आबा, हा कागद कसला? कोणी जबरदस्ती केली का?’ आबांनी आपल्या तोंडाने दिलेलं उत्तर, फोटो आणि अंगठा पुढे फार कामाला येतो. त्या वेळी तुम्ही भावांनी बाहेर थांबा. ज्याला जास्त मिळतं तोच मृत्युपत्र लिहून घेताना पुढे-पुढे करत होता असं दिसलं, की कोर्टाला शंका येते. कोणाला कमी दिलं तर का, हेही एका वाक्यात आबांच्याच शब्दांत येऊ द्या.

आणि मुखत्यारपत्रावर विसंबू नका. ‘मुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता चिंता नाही’ असं म्हणणारे रोज भेटतात. माणूस वारला की मुखत्यारपत्र संपतं. बुद्धी भ्रमिष्ट झाली तरी कायद्याने संपतं, म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते त्याच दिवशी ते निकामी होतं. बँकेचं खातं आईसोबत संयुक्त, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं करून घ्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, साधारणपणे त्याने पैसे वारसांसाठी सांभाळायचे असतात, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

मृत्युपत्रात लोक गट नंबर आणि एकर लिहितात, विहीर विसरतात. तुमची केळी आहे. ज्याला साडेतीन एकर मिळाले पण पाण्याची पाळी मिळाली नाही, त्याला कोरडवाहूच मिळालं. विहिरीत दोघांचा समाईक हक्क, पाळीचे दिवस, मोटारीचं वीज कनेक्शन, पाइपलाइन कुठून जाते, शेतात जायची वाट, विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा कोण फेडणार, हे सगळं लिहा. आईला घरात राहण्याचा आणि उत्पन्नातल्या ठरावीक भागाचा हयातभर हक्क ठेवा. ते वाक्य मात्र वकिलाकडून घ्या, कारण चरितार्थापोटी बाईला दिलेला मर्यादित हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 मुळे पूर्ण मालकीचा होऊ शकतो.

राहिली बहीण. तिला आखाजीला बोलवा, झोका खेळू द्या, पुरणपोळी खाऊ द्या, आणि सही मागू नका. कायद्यानेही ती सही कुचकामी ठरू शकते. जमीन आबांची स्वतंत्र असेल, तर त्यांच्या हयातीत बहिणीला त्यात अजून हक्कच नाही, मग ती सोडणार काय? पुढे मिळू शकणारा वारसा आधीच सोडून देता येत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर हक्कसोड होते, पण नोंदणीकृत आणि तिच्या राजीखुशीने. साडी नेसवून घेतलेल्या सहीवरून भाऊबीज बंद झालेली घरं मला माहीत आहेत. त्यापेक्षा ती आलेली असताना आबा, आई आणि तिघं भावंडं एकत्र बसा आणि आबांनाच विचारा, त्यांच्या मनात काय आहे. तुमच्या पत्रात थोरल्यांचं मत आहे, तुमचं आहे. आबांचं नाही, आईचंही नाही.

एक खुलासा इतर वाचकांसाठी. नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावलकडच्या भिल्ल, पावरा अशा अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना वरचं जसंच्या तसं लावू नका. हिंदू वारसा कायदा कलम 2(2) प्रमाणे त्यांना लागू होत नाही. शिवाय आदिवासी जमीन बिगर-आदिवासीकडे द्यायला जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ खाली परवानगी लागते. तसा प्रश्न असेल तर वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.

भाऊ, फेरफार हाती आले की त्यांचा मजकूर इथे टाका, नावं आणि गट नंबर झाकून. जमीन कोणत्या प्रकारात बसते ते बघू, मग मृत्युपत्राच्या मसुद्याचं बोलू. डॉक्टरांची वेळ मात्र याच आठवड्यात घ्या.