पाऊस ओसरला आणि मग समुद्र चढला, असं का झालं?

ताई, तुमचा प्रश्न असा की तौक्ते वादळात वेंगुर्ल्याच्या बहिणीकडे पाऊस ओसरल्यावर पाणी माडांपर्यंत आलं, हे उलटं कसं? आपण कोल्हापूरकर पूर मोजतो तो पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि वर धरणक्षेत्रात पाऊस किती पडतोय. समुद्राला हा हिशेब लागूच होत नाही. तिथं पाणी चढवतो तो वारा.

कपातल्या चहावर फुंकर मारा, नुसत्या बारीक लाटा उठतात. तोच चहा बशीत ओतून फुंका, पलीकडच्या काठाला चढतो. कप खोल असतो, वरून ढकललेला चहा तळानं परत येतो. बशीत परतायला जागाच नसते. किनाऱ्याजवळचा उथळ समुद्र म्हणजे ही बशी. शिवाय वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. बंगालचा उपसागर उत्तरेला बराच उथळ आहे, म्हणून ओडिशा-बंगालला या पाण्याची भीती आपल्यापेक्षा फार मोठी.

हवेच्या दाबाचाही वाटा असतो, पण लहान. दाब 1 मिलिबारनं उतरला की समुद्र साधारण 1 सेंटीमीटर वर येतो. म्हणजे 50 मिलिबार उतरला तर अर्धा मीटर.

आता तुमचं कोडं. आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. 16 मे 2021 ला तौक्ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होतं. केंद्र पुढं गेलं की मागे राहिलेल्या गावांवर वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, म्हणजे थेट समुद्राकडून जमिनीकडे. लोक म्हणतात, वादळ गेलं, आणि नेमका तेव्हाच रेटा सुरू होतो. माझ्या मावशीचं घर देवगडकडे खाडीकाठी आहे. त्या दिवशी खाडी उलटी भरत आली, आवाज न करता, एकेक पायरी बुडवत. परड्यातली विहीर खारी झाली.

तरी आपण थोडक्यात वाचलो, असं माझं ठाम मत आहे. अमावास्या 11 मे ला होऊन गेली होती, उधाण, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती, उतरणीला लागलं होतं. दहाच दिवसांनी, 26 मे ला, यास वादळ ओडिशाच्या किनाऱ्याला धडकलं ते ऐन पौर्णिमेला. उधाणाच्या भरतीवर वादळाचं पाणी चढलं आणि बंगालमधल्या दिघा, सुंदरबनात बांध ओलांडून गावात शिरलं. वाऱ्याचा वेग तौक्तेपेक्षा कमी होता, तरीही.

म्हणून वादळाची बातमी आली की वाऱ्याच्या आकड्याआधी मी तिथी बघतो. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊण पटीनं गुणलं की भरतीची वेळ अंदाजे मिळते. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री साधारण त्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या आसपास, आणि तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती, असल्यानं पाणी कमी चढतं.

बहिणीला एवढं नक्की सांगा: पाऊस थांबला म्हणून खाडीकाठी गुरं सोडायला, होडी बघायला जायचं नाही. वारा समुद्राकडून वाहतोय आणि भरती व्हायचीय, तोवर सगळ्यांनी उंचावरच थांबायचं. नंतर विहिरीचं पाणी चाखून खारं लागलं तर उपसून टाकायचं, आणि विहीर पुन्हा गोडी होईपर्यंत प्यायला दुसरीकडून आणायचं.