गाडीचं दुखणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, आमची २०११ ची आय-टेन ऑटोमॅटिक आहे, ८० हजारांच्या वर चाललीये, यांनी हौसेने घेतलेली, आता मीच चालवते. राजेंद्र नगर ते रामबाग आणि अधूनमधून ओंकारेश्वर, एवढंच. दिवाळीपासून सकाळी रिव्हर्स टाकला की गाडी तीन-चार सेकंद नुसती उभी राहते आणि मग एकदम धक्का देऊन मागे येते. डी ला पण तसंच, जरा कमी. परवा भेरूघाट चढताना तर इंजिन नुसतं ओरडतंय, आरपीएमचा काटा चार हजारावर आणि गाडी रेंगाळतेय. मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मॅडम, बक्सा (म्हणजे गिअर बॉक्स) गया, पूरा खुलेगा." साठ-सत्तर हजार सांगितले. जावई म्हणतात विकून टाका. काय करू?
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी विकूही नका आणि उघडूही नका. एक चक्कर मारून "बक्सा गया" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की बाबा, गिअर बॉक्सच्या ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी बाहेर काढून बघितलीस का? तुमच्या पत्रात पट्टीचा उल्लेखच नाहीये, म्हणून मला शंका येतेय.

तुमच्या गाडीत चार स्पीडचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणारा) जुन्या पद्धतीचा गिअर बॉक्स आहे, त्यात आतले क्लच दाबायचं काम ऑइलच्या प्रेशरने होतं. ऑइल कमी असेल तर प्रेशर बनायला वेळ लागतो, म्हणून सकाळी गिअर उशिरा लागतो आणि लागतो तेव्हा धाडकन. आणि घाटात गाडी नाक वर करून चढते तेव्हा आतलं ऑइल मागे सरकतं, आधीच कमी असलं तर पंप मधेच हवा ओढतो, क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतायत. शिवाय आर आणि डी दोन्ही उशिरा लागतायत हेही महत्त्वाचं आहे, कारण फक्त आर ला त्रास असता तर मी आतल्या रिव्हर्सच्या क्लच-ब्रेकवर संशय घेतला असता, दोन्हीकडे असेल तर आधी दोघांना सामायिक ते बघायचं, म्हणजे ऑइल, फिल्टर, प्रेशर.

पट्टी बघायची पद्धत नीट लक्षात ठेवा, इथेच सगळे चुकतात. गाडी अर्धा तास चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी पासून शेवटपर्यंत आणि परत, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत फिरवा, मग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पोझिशनला आणून इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. लेव्हल हॉटच्या खुणांमध्ये हवी. (होंडाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकना उलट, गरम करून इंजिन बंद करायचं आणि लगेच मिनिट-दीड मिनिटात बघायचं. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून त्यांची पद्धत आपल्या गाडीवर लावू नका.)

आता ते ऑइल पांढऱ्या टिश्यूवर टिपा आणि उजेडात बघा. लालसर, पारदर्शक असेल तर बरं. तपकिरी झालंय पण वास साधा आहे, तर जुनं झालंय, बदलायला हवं. काळपट आणि करपलेल्या दुधासारखा नाकात बसणारा वास असेल तर क्लच खरंच जळलेत, तेव्हा मेकॅनिकचं म्हणणं मान्य करावं लागेल. गुलाबी, मलईसारखं दिसलं तर गाडी अजिबात चालवू नका, रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. टिश्यूवर बारीक चमक दिसली तर धातू झिजतोय. फेस असेल तर ऑइल उलट जास्त भरलेलं असू शकतं, त्यानेही प्रेशर बिघडतं.

लेव्हल कमी निघाली तर नुसतं वरून घालून समाधान मानू नका. गिअर बॉक्स ऑइल खात नाही, कमी झालंय म्हणजे कुठेतरी गळतंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी लाल-तपकिरी डाग कुठे पडला ते बघा, एक्सलच्या सीलजवळ, पॅनच्या गॅस्केटला की कूलरच्या पाइपच्या क्लॅम्पला. एसीचं पाणी नुसतं पाणी असतं, त्याने घाबरू नका. ऑइल एसपी-थ्री ग्रेडचंच, "सब एक ही है" म्हणत ड्रममधून ओतणाऱ्यापासून चार हात लांब. एका वेळी पूर्ण ऑइल निघतच नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, म्हणून बदलायचं तर थोडी गाडी चालवून दोनदा-तीनदा काढून भरा. मशीन लावून प्रेशरने फ्लश करायला मी इतक्या जुन्या, कधी ऑइल न बदललेल्या बॉक्सला सांगत नाही, यात मतभेद आहेत पण माझं मत हेच.

ऑइल व्यवस्थित निघालं तरच पुढचं. धक्का फक्त असेल तर इंजिन माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार, तुटलाय का बघा: बॉनेट उघडा, ब्रेक घट्ट दाबून एकाने डी-आर करायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, गाडीसमोर नाही, इंजिन उडी मारत असेल तर माउंट. मग स्कॅनर लावून गिअर बॉक्सचे कोड वाचून घ्या, नुसते इंजिनचे नाही. पी-०७१५ किंवा पी-०७२० आला तर तो स्पीड सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे, सेन्सर किंवा वायरिंग तपासायचं, त्यासाठी बॉक्स खाली काढत नाहीत. हे सगळं होऊनही घसरत असेल तर लाइन प्रेशर, म्हणजे बॉक्सच्या आतलं ऑइलचं प्रेशर, मोजून घ्या आणि मग, तेव्हाच, खोलायचं बोला. तोपर्यंत भेरूघाट नको, घसरणारा क्लच एका चढणीत जळून जातो. आणि गाडी बंद पडलीच तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा.

प्रश्न : माझी २००९ ची ऑटोमॅटिक सेडान ६०-७० च्या स्पीडला, हलक्या ॲक्सिलरेटरवर थरथरते, खडबडीत पट्ट्यांवरून चालल्यासारखी. टायर बॅलन्सिंग केलं, फरक नाही. हा गिअर बॉक्स का?
— महू नाका, इंदूर

उत्तर : असू शकतो, प्लग-कॉइलही असू शकते. मोकळा रस्ता, मागे कोणी नाही असं बघून, थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला फक्त स्पर्श करा. ब्रेकचा दिवा लागला की कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअर बॉक्स थेट जोडून ठेवणारा) सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली आणि आरपीएम थोडा वर गेला तर लॉकअपचा दोष, तिथे योग्य ग्रेडचं ऑइल बदलून बऱ्याचदा फायदा होतो, आधी तेच करा. थांबली नाही तर मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये का, ते तपासा.

प्रश्न : भेरूघाट उतरताना न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं म्हणतात, ऑटोमॅटिकला चालतं का?

उत्तर : भिया, नका. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर पेट्रोल पीतच असतं, उलट डी मध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरलात तर इंजेक्टर बंद होतात आणि पेट्रोल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये ब्रेक तापतात ते वेगळं, आणि वेगात असताना परत डी टाकलं की क्लचला नाहक झटका. तीव्र उतारावर स्पीड कमी करून २ वर टाका, अगदीच उभा उतार असेल तर एल.