पैसा बाजूला ठेवला तर लोक यश कशात मोजतात?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी वाचनालयात काम करता, वर्गमित्र भेटले की पॅकेजचे आकडे निघतात आणि घरी परतल्यावर आपण मागे पडलो असं वाटत राहतं. म्हणून विचारलंय, पैसा सोडून लोक यश कशात बघतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो, तेव्हा आमच्यातल्याच एका मास्तरांपासून सुरुवात करतो.

दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. शाळा सुटल्यावर हा माणूस संख्यांशी खेळत बसायचा. १९४९ साली त्यांच्या हाती एक विलक्षण गोष्ट लागली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर तेच पुन्हा करा. त्यांच्या निवृत्तीचं साल घेऊ, १९६२. ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. आता ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर तीच क्रिया केली की परत ६१७४ च. संख्या कुठलीही असो, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येऊन थांबते. (मध्ये तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य धरायचं.) सातवीच्या वर्गात मी हे करायला देतो तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा दुसऱ्याच्या वहीत डोकावून बघतात, तुझंही तेच आलं का म्हणून.

देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना हे काम फुटकळ वाटायचं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या गणिताच्या गमतींवरच्या आपल्या सदरात काप्रेकरांविषयी लिहिलं आणि मग जगभर नाव झालं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

आता मला सांगा, १९४९ ते १९७५ या सव्वीस वर्षांत काप्रेकर यशस्वी होते की नव्हते? तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो. माझं ठाम मत आहे की होते. ६१७४ हा आकडा गार्डनर यांच्या लेखामुळे खरा ठरला नाही. तो आधीपासून खरा होता आणि ते काप्रेकरांना पक्कं माहीत होतं. आपलं काम कुठल्या कसोटीवर घासायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं, आणि त्या कसोटीला ते उतरलं होतं. ज्यांना दुसऱ्याने 'शाब्बास' म्हटल्याशिवाय आपलं काम जमलंय की नाही हे कळत नाही, त्यांच्याकडे पैसा असो वा नसो, त्यांची चुळबुळ संपत नाही, असं मी पाहत आलोय.

पण याच माणसाच्या आयुष्यातलं एक प्रकरण मी गाळणार नाही. निवृत्तीनंतर त्यांना पेन्शन पुरेना. म्हातारपणी शिकवण्या करून पोट भरावं लागलं. या ओढाताणीला कुणी साधेपणा, त्याग वगैरे नाव दिलं की मला राग येतो. मोठ्या माणसाला पुरेसं पेन्शन न मिळणं यात त्याचं कसलंही यश नाही, आपलं अपयश मात्र आहे. 'पैशापलीकडचं यश' या विषयावर बोलताना लोक चटकन गरिबीची आरती ओवाळायला लागतात, ते मला अजिबात पटत नाही.

खाशाबा जाधवांचं तेच झालं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकला. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक सगळ्यांना आठवते, मला त्यानंतरचं जास्त मोठं वाटतं. खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, पैसा जमवला आणि आधी खर्डेकरांचं घर सोडवलं. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली, १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. सरकारने उशीर केला म्हणून पदक कमी झालं नाही हे खरं, पण म्हणून उशीर माफही होत नाही. आणि खर्डेकरांचं यश कशात धरायचं? स्वतः ना मॅटवर उतरले, ना पदक गळ्यात पडलं. तरी त्या विजयात त्यांचा वाटा होता, आणि तो त्यांना कुणी समजावून सांगावा लागला असेल असं मला वाटत नाही.

नामवंतांची उदाहरणं देऊन थांबलो तर तुम्ही म्हणाल, हे सगळे कुठे, मी कुठे. म्हणून आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींबद्दल लिहितो. नवरा लवकर गेला, मागे सावकाराचं देणं आणि दोन मुली. मानधन किती तुटपुंजं असतं आणि तेही किती रखडतं, ते शाळेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. सुगीत त्या काढणीला जातात, सुट्टीत मिळेल ते काम करतात. एकदा मुलींच्या दाखल्यांचं काम चाललं होतं तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "गुरुजी, आता अंगावर कुणाचा रुपया नाही. बाजारातनं मान वर करून जाते." धाकटी नर्सिंगला आहे, हे त्यांनी त्याच्यानंतर सांगितलं. हिशेब पैशाचाच होता, श्रीमंतीचा मात्र नव्हता. रस्त्यात सावकार दिसला की गल्ली बदलावी लागत नाही, हे त्यांचं यश. आपल्या गावाकडे कितीतरी माणसं यश याच मापाने मोजतात: देणं फिटलं, मुलगी शिकली, दारातून कुणी उपाशी गेलं नाही. यातलं काहीच पॅकेजमध्ये मोजता येत नाही, म्हणून वर्गमित्रांच्या गप्पांत ते येत नाही.

काहींचं माप तर आकड्यातच असतं, फक्त तो आकडा रुपयांचा नसतो. डॉ. राणी आणि अभय बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. ३९ गावांतल्या बायकांना त्यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. न्यूमोनिया ओळखणं, बाळाला ऊब देणं, वेळेवर औषध देणं. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. एका वर्षी किती बाळं जगली, यापेक्षा स्वच्छ हिशेब मला माहीत नाही.

तेव्हा तुमच्याबद्दल. मित्रांचा आकडा खोटा नाही. त्यांनी कष्ट केलेत, घरं घेतलीत, आईवडिलांची आजारपणं निभावलीत, त्याचा मान ठेवा. पण तो त्यांच्या कामाचा आकडा आहे. तुमच्या कामाचा आकडा तुम्ही अजून मांडलेलाच नाही, असं तुमचा प्रश्न वाचताना वाटलं. तुमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला पोरं येत असतील, कारण घरी बसायला जागा नसते. दुपारी पेन्शनर येत असतील. यातली किती पोरं वर्षभर टिकली, शाळेतली किती मुलं या वर्षी नव्याने सभासद झाली, कुठलं कपाट वर्षभर उघडलंच गेलं नाही, ते एका वहीत लिहायला लागा. दरवर्षी हे आकडे तुमच्या मनासारखे सरकत असतील तर तुम्ही मागे पडलेला नाही, मग दिवाळीला मित्र काहीही सांगोत.

आणि पगारात घर भागत नसेल तर ते मनाची समजूत काढून झाकू नका. ग्रंथालय संचालनालयाची परिपत्रकं वाचा, संचालक मंडळाकडे मानधनवाढीचा अर्ज लेखी द्या, संध्याकाळी दोन तास दुसरं काम मिळालं तर बेलाशक धरा. ग्रंथालयशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम केला नसेल तर नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून करता येतो का ते पाहा. शाळा-कॉलेजांतल्या ग्रंथपालांच्या जागांसाठी या विषयातलं शिक्षण लागतं, आणि पुस्तकांजवळ राहूनच पगार वाढवायचा तर मला तोच रस्ता दिसतो.